थर्ड पार्टी लेन्सचा ऑटोफोकस आणि कॅलिब्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराईच्या तोंडावर आणि ताडोबाच्या उन्हाळी सफारींच्या आधी मला एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: "लेन्स भारी आहे, पण फोकस बसत नाही." लेन्स एका कंपनीची (तिलाच थर्ड पार्टी लेन्स म्हणतात) आणि बॉडी, म्हणजे कॅमेरा, दुसऱ्या कंपनीची, म्हणजे दोष लेन्सचाच, असं धरून लोक थेट मेनूतले फोकस सुधारायचे आकडे फिरवायला घेतात. आकड्यांना हात लावण्याआधी काय तपासायचं, हे खालच्या उत्तरांत लिहिलं आहे.

फोकस थर्ड पार्टी लेन्सचाच का चुकतो? कंपनीच्या स्वतःच्या लेन्सचा चुकत नाही का?

चुकतो. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक बॉडीत आणि प्रत्येक लेन्समध्ये थोडा फरक चालवून घेतलेला असतो. बॉडी एका बाजूला झुकलेली आणि लेन्स त्याच बाजूला झुकलेली निघाली की दोन्ही चुकांची बेरीज होते. उलट बाजूंना असल्या तर वजाबाकी होते आणि तुम्हाला कधी काही कळतही नाही.

थर्ड पार्टी लेन्सला यात आणखी एक अडचण असते. फोकस किती आणि कुठे सरकवायचा हे बॉडी लेन्सला माउंटवरच्या (लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते त्या कड्यावरच्या) सोनेरी संपर्कबिंदूंमधून सांगते. कॅननचा ईएफ आणि निकॉनचा एफ या माउंटची ही भाषा त्या कंपन्यांनी इतरांना खुली केली नव्हती. बाहेरच्या कंपन्यांनी ती निरीक्षणातून उकलली. म्हणून नवी बॉडी बाजारात आली की जुनी लेन्स कधीकधी अडखळते. २०१३ मध्ये निकॉन डी५३०० आल्यावर सिग्माला आपल्या काही लेन्ससाठी नवं फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) द्यावं लागलं आणि २०१८ मध्ये निकॉन झेड७ आल्यावर टॅमरॉनलाही.

डीएसएलआरमध्ये चूक नेमकी कुठे शिरते?

डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. चूक शिरते ती आरशाच्या पेटीत. मुख्य आरशाच्या मधल्या भागातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर पडून खाली वळतो आणि पेटीच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पोहोचतो. फोटो मात्र मागच्या मोठ्या सेन्सरवर उमटतो. म्हणजे फोकस एका ठिकाणी मोजला जातो आणि फोटो दुसऱ्या ठिकाणी घेतला जातो. लेन्सच्या माउंटपासून या दोन्ही ठिकाणांचं अंतर अगदी सारखं हवं. छोटा आरसा केसभर कलला तरी फोकस नाकावर किंवा कानावर जातो. पुढे गेला तर फ्रंट फोकस, मागे गेला तर बॅक फोकस.

केसभर चुकीने एवढा फरक का पडतो, ते आकड्यांत बघा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) एफ/१.४, दीड मीटरवर माणूस. धारदार दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. तोच माणूस एफ/५.६ वर घेतला तर पट्टा चौपट होतो आणि चूक झाकून जाते. त्यामुळेच कॅमेऱ्याबरोबर मिळालेली किट लेन्स वापरताना कधी न जाणवलेला दोष एफ/१.४ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावल्याच्या दिवशी समोर येतो आणि आळ नव्या लेन्सवर येतो.

माझी लेन्स "नेहमी चुकते" की "कधीकधी चुकते", हे कसं ओळखायचं? आणि त्याने काय फरक पडतो?

सगळा फरक इथेच पडतो, म्हणून हे उत्तर लांब आहे.

वाण्याच्या जुन्या तराजूला पासंग बांधलेला असायचा. एक पारडं नेहमी तेवढंच खाली जात असेल, तर दुसऱ्या पारड्याला तेवढाच दगड बांधायचा, काटा सरळ. पण काटा खिळीवरच सैल झाला असेल, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जात असेल, तर कितीही दगड बांधा, माप खरं येणार नाही. कॅलिब्रेशन म्हणजे पासंग. नेहमी एकाच बाजूला, जवळपास तेवढीच चुकणारी लेन्स त्याने सुधारते. विस्कळीत चुकणारी लेन्स सुधारत नाही.

हे मी स्वतः वेळ घालवून शिकलो. माझ्याकडे ३५ मिमीची एक लेन्स होती, कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पहिल्या फोटोत फोकस पुढे दिसला म्हणून अधिक ५ केलं. पुढच्या फोटोत मागे गेला, म्हणून उणे २. असे दोन रविवार गेले. शेवटी एका जागी बसून, काहीही न बदलता ओळीने दहा फोटो काढले. तीन बरोबर, चार पुढे, तीन मागे. मी दोन रविवार आकड्यांशी नव्हे, योगायोगाशी झटापट करत होतो. त्या लेन्सचं फोकस युनिट बदलावं लागलं.

म्हणून आधी दहा फोटो. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, सिंगल फोकस मोड, मधला फोकस पॉइंट (व्ह्यूफाइंडरमधला चौकोन). प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग हाताने फिरवून फोकस मुद्दाम घालवा: पाच वेळा अनंताकडे, पाच वेळा सर्वांत जवळच्या अंतराकडे. ही पायरी लोक गाळतात. फोकस आधीच बसलेला असेल तर मोटर हलतच नाही आणि तुम्ही एकाच फोटोच्या दहा प्रती बघत बसता.

मग हे दहा फोटो शंभर टक्के मोठे करून बघा. आठ-नऊ फोटो एकाच बाजूला सारखे चुकले असतील तर आकडा फिरवून काम होईल. अनंताकडून येताना एक निकाल आणि जवळून येताना दुसरा, असं दिसलं तर मोटर किंवा गिअरमध्ये खेळ आहे. नुसताच पसारा असेल तर पुढची उत्तरं सोडून थेट सर्व्हिसच्या प्रश्नावर जा.

माझ्या बॉडीत फोकस सुधारायची सोय आहे का?

कॅननमध्ये तिला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतात, निकॉनमध्ये एएफ फाइन ट्यून. दोन्हीकडे पट्टा उणे २० ते अधिक २०. कॅननने ती २००७ च्या १डी मार्क ३ मध्ये आणली, त्याच वर्षी निकॉनने डी३ आणि डी३०० मध्ये. ५० डीमध्ये होती, ६० डीमधून काढली, ७० डीमध्ये परत आली, त्यामुळे सेकंडहँड ६० डी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत ती नाही. तिथे पूर्ण भिस्त लेन्सच्या बाजूने करायच्या दुरुस्तीवर.

निकॉनने २०१६ मध्ये डी५ आणि डी५०० पासून ऑटो फाइन ट्यूनही दिलं. सोय चांगली आहे, पण एकाच वेळच्या निकालावर विसंबू नका. पाच वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या.

घरी चाचणी कशी करायची? महागडा चार्ट लागतो का?

लागत नाही. वर्तमानपत्र टेबलावर तिरकं पसरून त्यावर फोकस करू नका एवढंच. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो त्या चौकोनापेक्षा फोकस पॉइंटचं खरं क्षेत्र मोठं असतं. तिरक्या कागदावर त्या क्षेत्रात पुढच्या आणि मागच्या ओळीही येतात, आणि कॅमेरा त्यातली कोणतीही पकडतो. फोकस करायची वस्तू सपाट आणि सेन्सरला समांतर हवी. तिरकी पट्टी फक्त शेजारी, निकाल वाचण्यासाठी.

माझी मांडणी अशी: जेवणाच्या टेबलावर बिस्किटाचा चौकोनी पुडा उभा करतो, ठळक अक्षरांची बाजू कॅमेऱ्याकडे. पुड्याच्या शेजारी पेन्सिल सेल तिरक्या ओळीत उभे. मधला सेल पुड्याच्या पृष्ठभागाच्या रेषेत, तीन पुढे, तीन मागे, प्रत्येकात बोटभर अंतर. फोकस पुड्याच्या अक्षरांवर करायचा आणि फोटोत कोणत्या सेलवरची बारीक छपाई सर्वांत स्वच्छ वाचता येते ते बघायचं. मधल्याच्या पुढचा दुसरा सेल जास्त स्वच्छ असेल तर फ्रंट फोकस, वादच नाही.

अंतर साधारण फोकल लेंग्थच्या पंचवीस ते पन्नास पट ठेवा. ५० मिमीच्या लेन्सला सव्वा ते अडीच मीटर. तुम्ही खरे फोटो ज्या अंतरावरून काढता ते याहून वेगळं असेल तर ते अंतर घ्या, नियम बाजूला ठेवा. उजेड खिडकीचा, भरपूर.

तुलनेसाठी तोच फोटो एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, फोकस करून काढा. तिथे आरसा वर असतो आणि फोकस थेट फोटोच्या सेन्सरवरून ठरतो, त्यामुळे आरशाची चूक त्यात शिरत नाही. लाइव्ह व्ह्यूचा फोटोही मऊ असेल तर दोष फोकसचा नाही, काचेचा आहे, आणि तो कोणत्याही आकड्याने जाणार नाही.

आणखी एक युक्ती, फोटो न काढता करायची: लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून हाताने अचूक फोकस करा. लाइव्ह व्ह्यू बंद करा, लेन्स मॅन्युअलवरच राहू द्या. आता मेनूत आकडे बदलत जा आणि प्रत्येक वेळी शटर अर्धा दाबून फोकस झाल्याचा हिरवा ठिपका स्थिर पेटतो का बघा. समजा उणे ४ ते अधिक १० या पट्ट्यात पेटतो, तर मध्य अधिक ३. हाच तुमचा आकडा. या पद्धतीला डॉट ट्यून म्हणतात आणि ती फुकट आहे.

अधिक म्हणजे पुढे की मागे?

अधिक म्हणजे फोकस कॅमेऱ्यापासून लांब जातो, उणे म्हणजे जवळ येतो. फ्रंट फोकस असेल तर अधिक करा. एक आकडा म्हणजे ठरावीक मिलिमीटर नव्हेत, ते लेन्सवर आणि अंतरावर अवलंबून असतं. सुरुवातीला पाच-पाचच्या पायऱ्यांनी जा, फरक डोळ्याला दिसायला लागला की एकेकाने.

बॉडीत सोय असताना सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल कशाला घ्यायचा?

कारण बॉडी एका लेन्सला सहसा एकच आकडा देते. कॅननच्या ५डी मार्क ३ सारख्या बॉडींत झूमला वाइड टोकाचा आणि टेली टोकाचा असे दोन मिळतात. थर्ड पार्टी लेन्सची चूक मात्र जवळ एक आणि लांब दुसरी असू शकते. दोन मीटरवर अधिक ८ लागतात आणि दहा मीटरवर शून्य, अशा लेन्सला बॉडीतून एकच आकडा दिला तर एका अंतराला न्याय आणि दुसऱ्यावर अन्याय.

सिग्माने २०१२ मध्ये आर्ट, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स या मालिकांबरोबर डॉक जाहीर केला. डॉक लेन्सला मागच्या झाकणासारखा बसवायचा, संगणकाला जोडायचा आणि ऑप्टिमायझेशन प्रो हे सॉफ्टवेअर उघडायचं. प्राइमला चार अंतरांचे चार आकडे, झूमला चार फोकल लेंग्थ गुणिले चार अंतरं, म्हणजे सोळा चौकटी. १८-३५ मिमी एफ/१.८ साठी या सोळा चौकटी फार उपयोगाच्या आहेत, कारण झूम असून तिचं अ‍ॅपर्चर प्राइमइतकं मोठं आहे. दुरुस्ती लेन्सच्या आत साठवली जाते, म्हणून बॉडीत सोय नसलेल्या कॅमेऱ्यावरही ती चालते. टॅमरॉनचा कन्सोल हेच काम त्यांच्या नव्या एसपी लेन्सवर करतो. डॉक माउंटनुसार वेगळा असतो: निकॉन माउंटच्या लेन्सला कॅननचा डॉक चालत नाही. आणि सिग्माच्या जुन्या ईएक्स लेन्स डॉकवर चालत नाहीत.

कंटाळा येतो तो लेन्स काढ-घाल करण्याचा. माझा क्रम असा: आधी बॉडीतल्या फाइन ट्यूनने प्रत्येक फोकल लेंग्थ आणि अंतराला काय लागतं ते शोधून वहीत सोळा चौकटींत लिहितो. मग बॉडीतला आकडा शून्य करतो आणि वहीतले आकडे डॉकमधून लेन्समध्ये भरतो. दोन्हीकडचे आकडे हुबेहूब जुळतील असं नाही, पण दिशा आणि अंदाज मिळतो आणि सोळा फेऱ्यांच्या जागी दोन-तीन पुरतात. बॉडीतला आकडा शून्य करायला विसरलात तर दुरुस्ती दोनदा लागते. हे मी अनेकांच्या कॅमेऱ्यात पाहिलं आहे.

लग्नात फोकस नेहमी पुढे जातो, घरच्या चाचणीत मात्र बरोबर येतो. का?

मुंडावळ्या. मोत्यांच्या त्या दोन सरी कपाळावरून गालांच्या पुढे लोंबत असतात, डोळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे, पांढऱ्या आणि चकचकीत. कॅमेऱ्याच्या फोकस सेन्सरला ठळक फरक असलेली कडा हवी असते. पापणीपेक्षा मोती त्याला कितीतरी सोपा. तुम्ही चौकोन डोळ्यावर ठेवता, पण चौकोनाचं खरं क्षेत्र मोठं, त्यात सर येते आणि फोकस मोत्यावर बसतो. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी तर वधू-वर दोघेही हलत असतात, अक्षता उडत असतात, त्यांतलाही एखादा दाणा फोकस पळवतो. नथीचंही तेच.

यावर कॅलिब्रेशन हा उपाय नाही. उलट लग्नातल्या फोटोंवरून आकडा ठरवलात तर बरोबर असलेली लेन्स बिघडवून ठेवाल. पॉइंट दूरच्या गालाकडच्या डोळ्यावर घ्या, अ‍ॅपर्चर एफ/२.८ पर्यंत बंद करा, आणि त्या दहा सेकंदांत एकाऐवजी पाच फोटो घ्या.

दुसरं कारण मांडवातला उजेड. पिवळ्या हॅलोजनखाली आणि दिवसाच्या प्रकाशात एकच लेन्स थोडी वेगळी फोकस होऊ शकते, कारण लेन्समधून वेगवेगळे रंग अगदी एकाच जागी एकत्र येत नाहीत आणि फोकस सेन्सरला तांबड्याकडचा प्रकाश जास्त मिळाला की त्याचा अंदाज सरकतो. रंगीत एलईडीखाली तर काहीच भरवसा नाही. सगळं काम हॉलमध्येच होत असेल तर चाचणी तशाच उजेडात एकदा पुन्हा करा.

ताडोबात लांबचा वाघ मऊ येतो. १५०-६०० मिमीची झूम कॅलिब्रेट करू का?

आधी वेळ बघा. मे महिन्यात सकाळी नऊनंतर तापलेल्या रस्त्यावरून हवा लहरत वर चढते. ६०० मिमीवर शंभर मीटरचा प्राणी त्या लहरींमधून दिसतो. असे ओळीने काढलेले फोटो एकमेकांपासून वेगळे येतात: एकात पट्टे दुहेरी, एकात डोळे पसरलेले. कोणतीही लेन्स, कोणत्याही किमतीची, यातून सुटत नाही. तोच वाघ पहाटे सहाला वीस मीटरवर मिळाला आणि तरीही फोकस खांद्यावर गेला, तर मग घरी चाचणी करा. जिप्सीचं इंजिन चालू असतानाचे फोटो पुरावा म्हणून धरू नका.

मधला पॉइंट बरोबर बसतो, कडेचे चुकतात. आकडा कोणता द्यायचा?

देऊ नका. बॉडीतला आकडा सगळ्या पॉइंटना एकसारखा लागतो. डाव्या कडेला एक आणि उजव्या कडेला दुसरं येत असेल तर बॉडीतला आरसा किंवा फोकस सेन्सर कलला आहे, अथवा लेन्समधली एखादी काच मध्यावरून सरकली आहे. दुसऱ्याची लेन्स लावून बघा. चूक तशीच राहिली तर बॉडी सर्व्हिसला जाईल.

एफ/१.४ ला बरोबर, एफ/२.८ ला फोकस मागे. हे कसं शक्य आहे?

याला फोकस शिफ्ट म्हणतात. कॅमेरा फोकस करतो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, फोटो काढतो बंद केलेल्यावर. काही वेगवान लेन्समध्ये कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूवर मिळत नाहीत, त्यामुळे अ‍ॅपर्चर बंद केलं की धारदार पट्टा सरकतो. लेन्सच्या रचनेचा हा भाग आहे. ज्या अ‍ॅपर्चरवर तुम्ही जास्त काम करता त्याला धरून आकडा ठरवा.

मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला की ही सगळी कटकट संपते ना?

पुढे-मागे ठरावीक चुकण्याची बरीचशी संपते, कारण फोकस आणि फोटो एकाच सेन्सरवर. विस्कळीतपणा संपत नाही. मोटर हळू असेल, बॉडीशी बोलणं नीट होत नसेल, तर चालत्या माणसावर डोळ्याचा फोकस सुटतोच.

इथे माउंट महत्त्वाचा. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्ये इतर उत्पादकांना खुली केली, म्हणून तिथे थर्ड पार्टी लेन्स सर्वांत जास्त आणि बहुधा सर्वांत सरळ चालणाऱ्या. तरीही ए९ किंवा ए१ वर त्यांना सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉनने परवान्याने ऑटोफोकस लेन्स जाहीर केल्या त्या २०२४ मध्ये, त्याही सुरुवातीला छोट्या सेन्सरसाठी. जुनी ईएफ लेन्स सिग्माच्या एमसी-११ अ‍ॅडॉप्टरने सोनीवर चालते, पण धावत्या विषयासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

फर्मवेअर अपडेट करावं का?

करावं, आणि चाचणीच्या आधी करावं. नव्या टॅमरॉन लेन्सवर यूएसबी-सीचं भोक थेट लेन्सवरच असतं, केबल लावली की झालं. जाता जाता: कॅनन डीएसएलआरवर सिग्मा लेन्स असेल तर बॉडीतली लेन्स दुरुस्ती (फोटोच्या कडांचा काळोख वगैरे सुधारणारी, फोकसची नव्हे) बंद ठेवा. बॉडी त्या लेन्सला आपलीच दुसरी लेन्स समजून चुकीची दुरुस्ती लावू शकते.

सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं?

"फोकस बसत नाही" एवढं सांगितलंत तर लेन्स त्यांच्या बॉडीवर तपासून "ठीक आहे" म्हणून परत येईल, आणि त्यांच्या बॉडीवर ती खरंच ठीक असेल. लेन्सबरोबर तुमची बॉडी द्या. पेन ड्राइव्हवर ते दहा रॉ फोटो आणि लाइव्ह व्ह्यूचा एक द्या. कागदावर अंतर, अ‍ॅपर्चर, उजेड लिहा. बॉडीतला आकडा शून्य करून द्या. बिल भारतातल्या अधिकृत वितरकाचं असेल तरच वॉरंटीचा आग्रह धरता येतो, परदेशातून आणलेल्या स्वस्त लेन्सला इथे बहुधा पैसे मोजावे लागतात.

सेकंडहँड लेन्स घेताना पाच मिनिटांत काय बघू?

स्वतःची बॉडी घेऊन जा. समोरच्या दुकानाच्या पाटीवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरने दहा फोटो, प्रत्येक वेळी फोकस घालवून. मग दोन मीटरवर एखाद्या खोक्यावरच्या अक्षरांवर आणखी दहा. सगळे एकाच बाजूला चुकत असतील आणि लेन्स डॉकवर चालणारी असेल, तर घाबरू नका, उलट भाव करायला कारण मिळालं. पसारा दिसला तर कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. कान लावून मोटर ऐका: एकसारखी घरघर चालते, कचकच चालत नाही.

एकदा केलं की कायमचं झालं का?

लेन्स पडली, दुरुस्त झाली, बॉडी बदलली किंवा फर्मवेअर बदललं, तर पुन्हा दहा फोटो. एरवी वर्षातून एकदा पुरतं. मी दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाआधी करतो, कारण त्यानंतर मुहूर्त सुरू होतात आणि टेबलावर बिस्किटाचा पुडा मांडायला वेळ उरत नाही.